चार बोटं आत

पार्सल ओहायोहून आलं, सव्वीस दिवसांनी.
एक्झॉस्टचे दोन मॅनिफोल्ड, वॉटर पंप, गॅस्केटांचा पुडा.
एकही बसेना.
भोकं बोल्टांना ओळखच दाखवीनात.
जरवलीने हातोडी उचलली.
थांब म्हटलं, दोष पार्टचा नसेल.

शुवैखच्या या गल्लीत अठरा वर्षं काढली,
चौसष्टची पॉन्टिॲक पॅरिसिएन मात्र पहिलीच.
नाव तेवढं फ्रेंच, बाकी सगळी अमरीकानी,
असं अबू मिशारी सांगतो,
आणि ‘अमरीकानी’ म्हणताना छातीवर हात ठेवतो.
त्याच्या बापाचे कान मोती काढताना समुद्रातच फुटले.
पुढे तेलाचे पैसे आले, ही आली.
म्हातारा बॉनेटवर तळवा ठेवायचा
आणि इंजिन ऐकायचा.

मी टेप काढली.
अमेरिकेतली पॉन्टिॲक पाय फाकून उभी राहते,
हौद्यात उतरलेल्या पैलवानासारखी,
चाकं पत्र्याच्या कडेला भिडलेली.
हिची चाकं चार बोटं आत.
थोरल्याचा सदरा धाकट्याला घातलाय
आणि तो खांद्यावरून उतरतोय, तसा पत्रा.

खाली शिरलो. चौकट फुलीची, शेवरलेची.
इंजिनाला निळा रंग, कुणीतरी मागाहून मारलेला.
स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला
तर आत शेंदरी.
आमच्या हडीच्या बांधावर राखणदाराचा दगड आहे,
अगदी त्या रंगाची.
हात आपोआप थांबला.

दाराच्या खांबावर पट्टी होती, रंगाखाली बुजलेली.
जरवलीने मोबाइलचा उजेड धरला.
ओशावा, ओंटारियो.
“माझा साडू तिथंच टॅक्सी चालवतो,” तो म्हणाला,
जशी काही त्यानेच पाठवलीय.

सीमेवर जकात जबर होती त्या काळी.
अंग पॉन्टिॲकचं घेतलं, हाडं शेवरलेची घातली,
कारखाना एक, खर्च अर्धा,
आणि गिऱ्हाईक नाकडोळे बघून खूश.
आणखी एक सापडलं:
पुढच्या जाळीमागे गुंडाळलेली वायर, टोकाला प्लग.
बर्फात इंजिन गोठू नये
म्हणून रात्रभर ऊब देणारा हीटर.
बाहेर एकोणपन्नास अंश.
जरवली हसून हसून टायरवर बसला.

त्या रात्री मुलीच्या शाळेचा फॉर्म भरत होतो.
जन्मस्थळ फरवानिया. राष्ट्रीयत्व भारतीय.
मातृभाषेच्या रकान्याशी पेन थांबलं,
कारण ती म्हणाली, बाबा, एकच लिहायची का?
मी म्हटलं, जागा एवढीशीच आहे गं.

अबू मिशारीला कसं सांगायचं याची
मी तीन वेळा तालीम केली.
तो आला, ऐकलं, काही बोलला नाही.
पांढऱ्याशुभ्र दिशदाशासकट
पुठ्ठ्यावर उताणा झाला आणि गाडीखाली सरकला.
नुसते पाय दिसत होते, चपला नीट जोडून ठेवलेल्या.
बराच वेळ.
एकदा वाटलं, डोळा लागला की काय.

निघाला तेव्हा पाठभर काळं तेल.
“वालिदला माहीत होतं?” विचारलं त्याने.
मला काय ठाऊक.
“तो हात लावून ऐकायचा,” तो स्वतःशीच म्हणाला,
“त्याला माहीत असणार.”
मग एकदम व्यवहारावर:
ओहायोला परत पाठव. शेवरलेचे मागव.
आणि तो निळा,
तो सगळा काढ.

जानेवारीत रात्री दोनला फोन.
वाळवंटात तंबू टाकलेले, पारा तीनवर.
मी दिलेला एकशेदहाचा ट्रान्सफॉर्मर जनरेटरला लावलाय, म्हणाला,
प्लग जोडून तास झाला.
“गरम झालीय, उस्ताद! साठ वर्षांनी! ऐक.”
आणि त्याने फोन बॉनेटवर ठेवला.

इंजिन बंदच होतं.
जनरेटरची धडधड, थोडा वारा,
लांबवर कुणाचा तरी खोकला.
मी ऐकत राहिलो,
शेजारी बायको विचारत होती, कोण आहे,
काय म्हणतायत.