एकास पंचवीस

सासवड रस्त्याला, टँकर जिथे वळतात,
तिथे कुणा हौशी माणसाने चीन बांधलाय.
तिकीट साठ रुपये, मुलांना अर्धं.
पाटीवर : 'राजवाड्यात पाय ठेवू नये.'

कौमुदी आठ वर्षांची, निषाद साडेपाच.
दोघांचा बाप निंग्बोत, चाकणच्या कंपनीचे साचे तपासायला,
गणपती उठल्यापासून.
मी आत्या. रविवार माझ्याकडे असतो.

भिंत माझ्या गुडघ्याशीही पोचत नाही.
तिच्यावरून मुंगळे कसलासा पंख वाहून नेतात,
पहाऱ्याच्या बुरुजाशी थबकतात, मग बाजूने उतरतात.
"आमचा किल्ला याच्याहून भारी होता,"
निषाद म्हणतो, "आणि अळीव पण उगवलेलं.
यांना अळीव माहीत नाही?"
नसेल, म्हणते मी.

पिवळ्या नदीचा तळ निळा रंगवलेला,
आणि नदी कोरडी.
माळी म्हणाला, टँकर यायचाय अजून.

मातीचे सैनिक मी मोजले : एकसष्ट.
एकाचं डोकं परत चिकटवलंय, जरा डावीकडे वळून,
कुणी हाक मारल्यासारखं.
मग पॅगोड्यावर साळुंकी येऊन बसली
आणि केवढी राक्षसी दिसली ती, बिचारी.

सगळ्या पाट्या मोठ्याने वाचणारी कौमुदी
कधीची गप्प.
धुळीत पालथी पडून
काडेपेटीएवढ्या खिडकीला डोळा लावलेला.
"काय दिसतं गं?"
"सिमेंट."
मग, फ्रॉक झटकत, "बाबाच्या खिडकीतून क्रेन दिसते.
यांनी क्रेन केलीच नाही."

मी सांगू शकले असते :
हे राजांचं, जुनं; तो भाड्याच्या चौदाव्या मजल्यावर.
त्याऐवजी मनात भागाकार केला.
एकास पंचवीस.
माझा भाऊ माझ्या मधल्या बोटाएवढा.

निषादने खिशातून मावळा काढला,
दिवाळीचा, भाला मोडलेला,
आणि भिंतीवर उभा केला.
वॉचमन धावत आला : "बाहेरची चित्रं ठेवायची नाहीत."
"तो नुसता बघतोय," निषाद म्हणाला.
वॉचमन उकिडवा बसला, मावळा बघतोय तिकडे बघू लागला.
"बरं. साडेसहापर्यंत."

तेव्हा साडेपाच झाले होते. तिथे आठ.
इथे अजून ऊन होतं,
मावळ्याची सावली लांबत
भिंत उतरून खाली आली होती.

मग भेळ, मग चिंचेचं बोट कुणाच्या फ्रॉकला, मग रिक्षा.

हडपसरच्या सिग्नलला निषादने खिसा चाचपला.
एक, मग दुसरा.
माझ्याकडे बघितलं. मी कौमुदीकडे.
"राहू दे," ती म्हणाली, "तिथे कुणीतरी पाहिजेच."

हिरवा पडला होता.
मागचे हॉर्न देत होते.