चाळीस विहिरी

माझ्या हातून भरून गेलेली सगळ्यात मोठी मोटर
वीस घोड्यांची, दारव्ह्याच्या जिनिंगची.
चार दिवस तांब्याची तार घालत बसलो होतो.
आणि ही दीडशेची.
पाच-पाच घोड्यांच्या तीस विहिरी
एका बॉनेटखाली,
तरी उभ्या उभ्या आवाज शिलाई मशीनचा.

अमरावतीला, कॅम्पात, जांभळाखाली दोन वर्षं उभी होती.
टपावर डाग, टायर चपटे,
डिकीत उंदरांचा संसार.
मालधुरे मॅडम म्हणाल्या,
जो येतो तो भंगाराचा भाव सांगतो.
मी भाव सांगितला नाही.
ऑइलची काडी काढून हुंगली,
हवेचा पाइप सोडवून
टर्बोचा पंखा बोटाने फिरवला.
खुळखुळ नव्हती.
तेव्हा त्यांनी किल्लीसोबत साहेबांची वही दिली.

वहीत नुसते आकडे. तारीख, लिटर, किलोमीटर,
टायमिंग बेल्ट कधी, प्लग कधी.
पाटबंधाऱ्यातल्या माणसाचं अक्षर,
ठरवलेल्या उताराने जाणारं.
एकाच पानावर एक ओळ बांध फोडून आलेली:
"१६ डिसेंबर, पहाट. नांदगाव ते नेर. तिसरा गिअर. काय पळाली!"

सुकेशिनीने दार उघडून मागची सीट दाबून पाहिली.
"पाचजण बसतेत ना?"
बसतात.
"मंग झालं. बाकीचं तुमचं तुम्ही पाहा."

बाकीचं म्हणजे
चार कॉइल, पुण्याहून कुरिअरने.
रबरी पाइप, ज्यांच्या भेगांतून दम गळत होता.
कुठल्याशा अपघाती गाडीचा मोठा इंटरकूलर,
बसेना म्हणून बंपर आतून कापला
आणि दोन दिवस कुणाशी बोललो नाही.
सायलेन्सरचा पुढचा पाइप इद्रिस लेथवाल्याने वळवला,
थ्रेशरचे शाफ्ट बाजूला सारून.
"भाऊ, हे कोन्त्या पंपाचं हाय?"
शेवटी नागपूरचा निनाद हटवार,
मांडीवर लॅपटॉप, स्टिअरिंगखाली केबल,
म्हणाला, दोनशेच्या घरात गेली, काका.
चाळीस विहिरी.

पण तो मे होता. सेहेचाळीस अंश.
दुकानाचा पत्रा तडतडत होता.
टर्बोला हवा लागते, गार, दाट हवा,
आणि ती चालली
भर उन्हाच्या वरातीत कोट घातलेल्या नवरदेवासारखी.
पावसाळ्यात खड्ड्यांनी पोट घासलं.
सोयाबीन निघालं. पहिला वेचा झाला.
मी कूलरच्या मोटरी भरल्या,
मग हरभऱ्याच्या ओलितासाठी जळून आलेल्या,
आणि थांबलो.

१६ डिसेंबर. साडेपाच.
बोटं स्टिअरिंगवर काकडलेली.
नांदगाव सोडल्यावर रस्ता सरळ होतो,
दोन्हीकडे तुरी, त्यांच्यावरून धुई उठत होती.
दुसरा. मग तिसरा.
काटा जरासा रेंगाळला,
पाणी धरण्याआधी पंप कोरडा घुमतो तसा,
आणि मग आलं,
पार फूटव्हॉल्व्हपासून,
सगळ्या विहिरींचं एकदम.
पाठ सीटमध्ये रुतली.
किती गेली ते सांगत नाही, बायकामुलांचा माणूस आहे.
समोरून दुधाचा टेम्पो दिसला आणि पाय आपोआप उठला.

नेरच्या टपरीवर चहा घेतला.
बॉनेट टिक टिक करत निवत होतं.
वही उघडली. लिटर लिहिले. किलोमीटर लिहिले.
साहेबांपेक्षा पन्नास घोडे जास्त होते माझ्याकडे,
तरी त्यांच्यापेक्षा बरं वाक्य सुचेना.
टपरीवाल्याने दोनदा विचारलं, अजून एक देऊ का.
पानं मागे उलटली.
त्यांच्या ओळीखाली बोटभर जागा होती.
तिथे लिहिलं,
मी पण.