दोन शब्द

बर्गनच्या इस्पितळात, मुलांच्या विभागात,
मी लेतेब्रहानला सगळं समजावून सांगितलं होतं.
स्वादुपिंड. इन्शुलिन.
रात्री साखर उतरली तर घाम, थरथर, बेशुद्धी.
एकही गोष्ट गाळली नाही. यादीवर खुणा केल्या.
दुभाष्याची वेळ मिळत होती थेट पुढच्या गुरुवारची
आणि सेलिहोम समोरच बसली होती,
नऊ वर्षांची, नॉर्वेजियन माझ्याहून स्वच्छ.
"सांगतेस ना आईला?"
तिनं मान डोलावली.
मांडीवरच्या दप्तराची चेन
उघडली, लावली, उघडली.

माझं वाक्य हातभर, तिचं पेराएवढं.
मला वाटलं, भाषाच आटोपशीर असेल त्यांची.
आई हसली. मीही हसले.
नतनाएल खुर्चीवरून पाय हलवत होता.
त्याला कुणी काही विचारलं नाही.
आजार त्याचा होता.

गुरुवारी टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावून.
ट्रॉन्डहाइमहून एका बाईंचा आवाज, सर्दीनं बसलेला.
मी म्हटलं, त्यांना विचारा,
मागच्या वेळी त्यांना काय कळलं?
आई बोलली. मग फोन गप्प.
मला वाटलं, कट झाला.
"त्या म्हणतायत," आवाज आला,
"मुलीनं सांगितलं: बरा होईल.
मी विचारलं, एवढंच?
तर म्हणाल्या, एवढंच."

सेलिहोम भिंतीवरच्या कोटांच्या खुंट्या मोजत होती.
बेशुद्धीला तिच्या आईच्या भाषेत शब्द आहे.
तो तिला येत होता.
तो तिनं आईला दिला नाही, स्वतःकडे ठेवला,
आणि सहा रात्री
भावाच्या नाकासमोर तळहात धरून जागत राहिली.
हे तिनं मला नाही सांगितलं.
शाळेत गणिताच्या तासाला झोप लागली, तेव्हा बाईंना सांगितलं.

त्या यादीवर माझी सही आहे. खाली तारीख आहे.
"कुटुंबास माहिती दिली."

आता मी त्यांच्या घरी जाते तेव्हा
फोन आधी लावते, मग कोट काढते.
वाक्यं मोडून नेते, घासाघासानं.
बाईंचा आवाज पोचेपर्यंत थांबते.
थांबताना कागदाकडे नाही, लेतेब्रहानकडे बघते.
पहिल्यांदा तेच फार अवघड गेलं.

माझ्या तक्त्यात पावाचे काप होते.
तिच्या ओट्यावर ताइता, आंबवलेल्या पिठाची, परातीएवढी.
तिचे किती काप धरायचे?
ती म्हणाली, तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेल्या.
मी म्हटलं, मला माहीत नाही.
बाईंनी तेही भाषांतरून सांगितलं,
आणि लेतेब्रहान पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळली,
काटा पुढे ओढला,
एक ताइता दुमडून त्यावर ठेवली.
जाळी दाखवत म्हणाली, आम्ही याला डोळे म्हणतो.
डोळे नीट उमटले नाहीत तर पीठ जड.
मी लिहून घेतलं.

मग जमिनीवर बसून नतनाएलला विचारलं,
तुला काही विचारायचंय?
त्यानं गाडीचं चाक बराच वेळ फिरवलं.
"मी झोपलो असताना टोचाल?"
कधी कधी टोचावं लागेल.
"मग आधी उठवा. मला सांगा. मग टोचा."

हे यादीत नव्हतं.

सेलिहोम कुठाय, मी विचारलं.
आईनं खिडकीकडे हनुवटी केली.
खाली पावसात ती कुणाशी तरी भांडत होती,
सायकलवरून, नॉर्वेजियनमध्ये,
मोठ्यानं,
स्वतःच्याच वतीनं.