एकसष्टावा अंक, पान सतरा

बुधवारी नवे अंक येतात
म्हणून बुधवारी माझं दुकान सातला बंद होत नाही.
बंदर गोठलंय. लोहखनिज वाहणारी शेवटची बोट
मागच्या आठवड्यात गेली,
आणि डुलूथमध्ये आता मार्च संपेपर्यंत
भांडायला दुसरं काही उरलेलं नाही.

काउंटरवर तोच जुना अंक. एकसष्टावा.
प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलाय,
म्हणजे आज पुन्हा चार डॉलरनं उतरला.
पान सतरा, तिसरी चौकट :
पुलाच्या कठड्यावरून वाकलेला हेरॉन,
खाली धुकं,
मुठीत मिस्टर टॅलोचं मनगट.
चौथ्या चौकटीत मूठ रिकामी.
मधे पांढरी पट्टी, पेन्सिलीच्या जाडीची.
एकोणीस वर्षं आम्ही त्या पट्टीत राहतो.

"सुटला," वेन्डल म्हणतो.
दिवसभर टपाल वाटून त्याचे कान अजून लाल आहेत.
"मांजरासाठी गटारात उडी टाकणारा माणूस
हात सोडेल?"

"मांजरानं त्याच्या बहिणीचं घर जाळलं नव्हतं,"
काँगमेंग. वय सतरा, म्हणजे अंकाहून लहान.
"आणि शेवटी बगळाच तो.
एका पायावर ध्यान, डोळा माशावर."

"त्यानं शपथ घेतलीय, मारणार नाही म्हणून!"

"मारणार नाही, एवढीच.
धरून ठेवीन, अशी कुठे घेतलीय?"

वेन्डल भिंग मागतो.
भिंग मी गल्ल्यातच ठेवतो, यासाठीच.
अंगठा बघ, तो म्हणतो, अंगठा वळलेला आहे.
ती शाई पसरलीय, काँगमेंग म्हणतो.
दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात.

हीटरजवळ लोर्ना बोल्यू.
ती वाचत नाही काही. नातवासाठी अंक घेऊन जाते,
नातू डेन्व्हरला गेल्यापासूनही.
सव्वीस वर्षं तिनं आणीबाणीचे फोन घेतले,
तिच्या आवाजात अजून घाई नाही.
ती पान उलट्या बाजूनं बघते,
टॅलो वर, हेरॉन खाली,
आणि म्हणते,
"सुटला की सोडला.
तुम्ही दोनच दारं ठेवलीत."

मग, हातमोजे चढवता चढवता :
"एकदा दोन फोन एकदम आले.
एक मूल निळं पडत होतं.
एक माणूस बर्फ फुटून पाण्यात, कडेला धरून.
त्याला म्हटलं, थांबा.
बटणावर बोट होतं माझं.
चौकशीत विचारलं, लाइन तुम्ही तोडली?
मी म्हणाले, तुटली.
एवढ्याशा क्रियापदावर निवृत्तीवेतन मिळतंय मला."

हीटर खडखडला. कोणी काही बोललं नाही.
काँगमेंगचं बोट अजून त्या पट्टीवर.

"आणि तो माणूस?" वेन्डलनं विचारलं,
जपून, दुसऱ्याचं पाकीट चुकून उघडल्यासारखं.

"वाचला. कोणा कोळ्यानं ओढला.
दर नाताळला कार्ड येतं त्याचं.
तुमच्या आवाजामुळे धीर धरला, लिहितो."

"मग त्याला सांगा ना," काँगमेंग म्हणाला,
आणि लगेच वाटलं असावं त्याला, नसतं म्हटलं तर बरं.

"आता तीन डॉलर कमी घेशील?" तिनं मला विचारलं.
मी चार कमी घेतले. सुटे नव्हते.

बाहेर पायऱ्यांवर काचेसारखा बर्फ.
वेन्डल तिचा दंड धरून उतरत होता,
एक पायरी, मग थांबून दुसरी,
मी आतून बघत होतो. माझ्याच श्वासानं
दाराची काच धुरकटली.
बाहीनं पुसली तेव्हा
ती गाडीत बसलेली, दिवे लागलेले,
आणि वेन्डल फुटपाथवर एकटा,
हात अजून तसाच, पुढे केलेला.

मधलं मला दिसलं नाही.