घराचा यू-डायस नंबर

दाखला मागायला गेलो तर हेडमास्तर म्हणाले,
पुढच्या शाळेचं नाव सांगा.
मी म्हणालो, घर.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला
आणि अगदी सभ्यपणे विचारलं,
घराचा यू-डायस नंबर?

घराचा नंबर आहे तो लाइट बिलावर.
दोन खोल्या, अशोक चौकाच्या मागं,
पुढच्या खोलीत माझं कार्ड पंचिंगचं मशीन,
आतल्या खोलीत पद्मा विड्या वळते.
आणि पावनी, वय नऊ,
कधी या खोलीत, कधी त्या.

दुसरीत होती तेव्हा रोज सकाळी सातला उलटी.
मग उलटी थांबली, त्याबरोबर बोलणंही.
वर्गात एकसष्ट पोरं. बाई वाईट नव्हत्या,
हे मी कुठंही लिहून देईन.
पण अर्जात ‘कारण’ या शब्दापुढं
जागा एक इंच.
एका इंचात एवढंच मावलं: घरगुती.

गुंडेटी वकिलानं फी घेतली नाही, चहा दोनदा घेतला.
कलम दहा, म्हणाला. वय सहा ते चौदा.
जवळच्या शाळेत नाव घालणं हे पालकाचं कर्तव्य.
आणि नाही घातलं तर?
त्यानं पान उलटलं, मागचं पान पाहिलं.
कर्तव्य लिहिलंय दादा, शिक्षा लिहिलेली नाही.
मग घरी शिकवलेलं चालतं?
चालतं असं कुठं लिहिलेलं नाही.
चालत नाही असंही नाही.

मी जकार्डचा माणूस.
भोक असेल तिथंच धागा उठतो.
जिथं भोक नाही तिथं धागा असतोच की,
तुटलेला नसतो,
फक्त चादरीवर दिसत नाही.

मार्चमध्ये बिराजदार बाई आल्या,
शाळाबाह्य मुलांच्या सर्वेला,
डोक्यावर ओला रुमाल, हातात पुठ्ठा.
तांब्याभर पाणी प्यायल्या. मग आत नजर गेली,
सुपाकडं, तंबाखूकडं, पद्माच्या मांडीजवळ बसलेल्या पोरीकडं.
इकडं ये बाळ, हात दाखव.

पावनीनं दोन्ही हात पुढं केले.
बाईंनी बोटांची टोकं पाहिली, वास घेतला.
शिसपेन्सिल होती. थोडा गोंद.
ही विड्या वळते का?
नाही, मोजते, पावनी म्हणाली.
पंचवीसची एक जुडी, हजाराच्या चाळीस,
आईच्या नऊशे झाल्यात, चार जुड्या बाकी.
सलग एवढी वाक्यं परक्या माणसासमोर
ती दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली,
आणि मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली.
मोजणं आणि राबणं यात अंतर किती
हे कुठल्या कलमात लिहिलंय?
रात्री झोप लागली नाही, खोटं का सांगू.

बाईंच्या कागदावर रकाने होते:
कधीच दाखल नाही. मधूनच सोडली.
वीटभट्टी. ऊसतोड. इतर.
त्यांनी ‘इतर’वर खूण केली,
पेन खिशातच ठेवून, पेन्सिलीनं.
उंबऱ्यात चप्पल घालताना हळूच म्हणाल्या,
मुक्त विद्यालयातून पाचवीची परीक्षा द्या.
पुढं दहावीला सतरा नंबरचा फॉर्म असतो.
वह्यांवर तारखा घालत जा, एकही फाडू नका.
आणि मी हे सांगितलं असं सांगू नका.

तेव्हापासून एक निळी फाइल आहे.
आधार, जन्माचा दाखला, वह्या तारीखवार,
एक बाद झालेलं कार्ड, त्यावर पावनीनं
न विचारता पाडलेलं एक भोक.
त्यानं मोराच्या पोटात एक लाल धागा वर येईल.
मी अजून ते बुजवलेलं नाही.

दाखला अडकलाय तो अडकलाच.
नाव तिकडंच आहे, पटावर, अनुक्रमांक सदतीस.
रोज साडेसातला तिकडं तिची गैरहजेरी मांडली जाते.
त्या वेळी इकडं ती ब्रश तोंडात धरून विचारते,
बाबा, पोटात लाल असलेला मोर
कुठंच नसतो,
हे तुम्हाला कुणी सांगितलं?