सुकतीचं पाणी

ताळगावच्या हॉस्टेलात, मेलिटाच्या कपाटात डोकं घालून
मी पहिलं वाक्य बोलले:
नमस्कार, तुम्ही ऐकताय.
पंखा बंद, डोक्यावर दोन गोधड्या,
तिच्या चुलतबहिणीच्या लग्नातल्या झग्याची बाही नाकाशी.
कुणी ऐकत नव्हतं तेव्हा.
नंतरही एकेचाळीस जण,
त्यांत नऊ आम्हीच, वेगवेगळ्या फोनांवरून, आणि एक सर.

विषय माझा: कुंभारजुव्याची मानस.
बांधातलं लाकडी दार,
खारं पाणी शेतात येऊ न देणारं.
मेलिटा म्हणाली, मानस म्हणजे मन ना तुमच्यात?
हो, म्हटलं, पण ह्याला बिजागरी असते.

पुनो तारी बोलला पावणेदोन तास.
आम्हांला हवी होती बारा मिनिटं.

पुढचा महिना मी त्या माणसाच्या तोंडात राहिले.
प्रत्येक वाक्याआधी त्याच्या श्वासाची
एक छोटी टेकडी दिसायची पडद्यावर.
टेकड्या सपाट करायला शिकले.
गोव्यात हे काम शिकायला वेळ लागत नाही.

रात्री दोनला एकाच फायलीत तीन कर्सर:
दत्तेश जांभळा, मेलिटा हिरवी,
मला न विचारता मिळालेला केशरी.
मी त्याचा ‘अं’ परत आणायचे, हिरवी काढायची.
फायनल. फायनल दोन. खरंच फायनल. देवाशपथ फायनल.
दिवसा कँटीनमध्ये एका ताटलीत भाजीपाव,
रात्री एकमेकींची वाक्यं पुसणं.
समोरासमोर भांडलो असतो तर लवकर आटपलं असतं.

‘तुझ्यानंतर दार कोण बघणार?’
ह्या माझ्या प्रश्नावर तो अकरा सेकंद गप्प.
लेक दोहाला, एवढं आधी सांगून झालेलं.
दत्तेश म्हणाला, अकरा सेकंदांत लोक उठून जातात.
तीन ठेवले.
उरलेले आठ माझ्या लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरात आहेत.
फोल्डरचं नाव अजून ‘नवीन फोल्डर’.

मग आम्ही त्याला ऐकवायला गेलो.
त्यानं टोपी काढून हेडफोन घातले,
बांधावर उकिडवा बसला, डोळे मिटले.
चौथ्या मिनिटाला बोट वर.
‘हें उदक खंयचें?’
तुझंच, म्हटलं. ह्याच दाराचं.
‘म्हजेंच. पूण हांव उलयतां भरतेचें,
आनी फाटल्यान आवाज सुकतेचो.’

ते पाणी दत्तेशनं दुसऱ्याच दिवशी धरलेलं,
सकाळचं, स्वच्छ, मध्ये एकही कावळा नाही.
आम्हांला वाटलेलं, पाणी ते पाणी.
एकेचाळिसांतल्या एकालाही कळलं नव्हतं.
सरांनी तर वीसपैकी अठरा दिलेले,
त्यांतला एक खास ‘वातावरणनिर्मिती’साठी.

रागावला नाही तो.
फळीवर तळहात ठेवून सांगितलं:
भरती चढली की दार आपसूक लागतं,
एकदाच धप्प,
मग पाणी बाहेर उभं, मुकाट, लाकडाला पाठ घाशीत.
सुकतीला दार ढिलं पडतं
आणि पाणी बडबडत निघून जातं.
‘तुमकां उलोवपी उदक आवडलें,’ म्हणाला,
आणि इतका हसला की बगळा उडाला.

अष्टमीला, भर दुपारी, आम्ही तिघं
एका लाकडी दाराची वाट बघत बसलो.
मेलिटानं श्वास धरलेला.
धप्प.
आणि लगेच दत्तेशची शिंक.
दोन्ही ठेवलं.

मार्क बदलणार नव्हते. फाईल बदलली.
परवा उघडली तर त्याचे अकराचे अकरा सेकंद जागेवर;
मी ठेवले नव्हते.
हिरव्या कर्सरला मी काही विचारलं नाही.

ऐकणारे आता चव्वेचाळीस.
नकाशावर एक ठिपका नवा, दोहाचा.
तो शेवटपर्यंत गेलेला नाही.
नवव्या मिनिटाला थांबलाय,
जिथं मी प्रश्न विचारते
आणि कुणीच बोलत नाही.