फॅमिली रूम

बदलीची ऑर्डर कोल्हापूरची आली तेव्हा
कोषागारात सगळे म्हणाले, मजा आहे बुवा,
रोज तांबडा, रोज पांढरा.
एकटी बाई रात्री साडेआठला
कुठल्या टेबलाशी बसते,
हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या रविवारी, लक्ष्मीपुरीतली खानावळ.
गल्ल्यावरच्या माणसानं नोटा मोजता मोजता
वर न बघता सांगितलं,
"फॅमिली आत."
मी मागे वळून पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.
म्हणजे फॅमिली मीच.

आत प्लायवूडचे चार कप्पे,
हिरवा पडदा, हात पुसून पुसून
एक कोपरा काळा झालेला,
आणि पंखा, जो फक्त शेजारच्यांवर प्रसन्न.
पलीकडे पुरुषांचा हॉल.
भुरके, "अजून वाईच ओत की रं",
कुणाच्या तरी ऊसबिलावरून वाद,
आणि हसणं, असं ऐसपैस
की माझ्या ताटातला लिंबू हलायचा.

वाढणारा पोरगा बाबगोंडा, चिकोडीकडचा.
त्यानं पाण्याचे दोन ग्लास ठेवले.
मी म्हटलं, एक ने.
"असू द्या की, येतील मागनं."
कुणी येणार नाही, म्हटलं.
ग्लास तसाच राहिला,
जेवण संपेस्तोवर माझ्यासमोर बसून.

मी राजापूरकडची.
तांबड्याचा पहिला घोट घेतला
आणि कानात शिट्टी वाजली.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी,
त्या क्षणी पडद्याचे मी आभार मानले.
मग पांढरा.
ओळखीचा वास, ओळखीचं दूध,
पण घाट चढून आलेल्या नारळाला
इथलं बोलणं लागलं होतं.

नंतर शहर जेवत गेले, पगार पुरेल तसं.
सकाळच्या मिसळीला पडदा नसतो.
बाकड्यावर चौथा माणूस खेटून बसतो,
"ताई, सरका जरा",
आणि कटाच्या बादलीला
बाई-पुरुष काही कळत नाही.
ताराराणी चौकातल्या एसी हॉटेलात
"किती जण, मॅडम?" विचारतात,
एक म्हटलं की थांबतात,
चूक सुधारायला वेळ दिल्यासारखे.
तिथं मी पनीर कोल्हापुरी मागवलं.
माझीच चूक.
गंगावेशीत रात्री म्हशीचं दूध,
ओठावर फेसाची मिशी घेऊन सगळे उभे,
मीही उभी,
म्हैसही उभी, आमच्याकडे बघत,
हिशेब तिलाच द्यायचा असल्यासारखी.

पण महिन्यातून एकदा खानावळ.
कप्पा तोच, पंखा तसाच, ग्लास दोन.

मग एका मार्गशीर्षात
देवीला आलेल्यांच्या दोन गाड्या उतरल्या.
गल्ल्यावरचा म्हणाला, "फॅमिली फुल्ल,"
आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा वर बघितलं.
"हॉलमध्ये बसते," मी म्हटलं.
त्यानं बाबगोंडाकडं बघितलं.
बाबगोंडानं फडकं मारलं, मधल्याच टेबलावर,
आणि ग्लास ठेवला.
एक.

हॉल गप्प झाला.
टनाचा दर हवेत अडकून राहिला.
मी वाटी उचलली, तोंडाला लावली,
भुरका मारला.
जरा मोठाच झाला.
पलीकडच्या एका मिशाळ माणसानं
कांद्याची बशी माझ्याकडं सरकवली, न बघता,
आणि शेजाऱ्याला म्हणाला,
"तर काय सांगत हुतो, कारखान्यानं..."

हात धुवायला आत गेले.
माझ्या कप्प्याचा पडदा अर्धा सरकलेला.
आत म्हातारा, एकटाच.
हात थरथरत होते, रस्सा धोतरावर सांडत होता.
मला पाहून त्यानं घाईनं पडदा ओढला,
तेवढ्यात दिसलं,
त्याच्यापुढे
दोन ग्लास.